मॅडम, मला पीएसएम आवडतं, पण ग्रुपला कुणीच येत नाही

मेडिकलच्या मुलांचं समुपदेशन करते तेव्हापासून एक काळजी इतक्या जणांकडून ऐकलीये की आता पहिल्या दोन वाक्यांतच ओळखू येते. आपल्याला जे मनापासून आवडतं ते बाकी सगळ्या बॅचला टाइमपास वाटतं, मग चूक माझीच का? आणि पीएसएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, आजार होऊच नये यासाठीची शाखा, आवडणाऱ्यांचं तर विचारूच नका, त्यांना पहिल्या वर्षापासून "काय रे, मच्छर मोजणार का?" हे ऐकावंच लागतं. त्यात कुणी हौसेने प्रतिबंधक आरोग्याचा ग्रुप काढला आणि तो दोन महिन्यांत ओस पडला की ते मूल माझ्यासमोर येऊन बसतं. म्हणून त्यातल्या एका मुलीबद्दल आज लिहितेय. तिची परवानगी आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात.

मुलगी विदर्भातली, वडिलांचं कृषी सेवा केंद्र, ती सरकारी कॉलेजात थर्ड इयरला. आल्या आल्या तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हॉट्सॲप ग्रुपवर 140 मेंबर, मीटिंगचा मेसेज सगळ्यांनी वाचलेला, आणि खाली दोन अंगठे. पहिल्या मीटिंगला एचओडी (विभागप्रमुख) सर येणार होते म्हणून तीसेक जण आले, दुसऱ्या वेळी नऊ, तिसऱ्या वेळी डेमो रूममध्ये ती, तिची रूममेट आणि प्रोजेक्टर लावणारे मामा.

"मॅडम, मी लीडर मटेरियलच नाहीये."

"ग्रुप बंद पडला तर काय होईल?"

"सगळे म्हणतील, सांगितलं होतं ना."

"आणि घरी?"

"पपा म्हणतील, झाली हौस? आता तरी रेडिओलॉजीचं बघ."

मला इथेच धागा सापडला. तिला वाटत होतं की ती ग्रुप चालवतेय, खरं तर ती पपांशी एक खटला लढत होती आणि ग्रुप हा तिचा पुरावा होता, त्यामुळे डेमो रूममधली प्रत्येक रिकामी खुर्ची तिला विरोधात गेलेल्या साक्षीसारखी वाटायची. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते, आणि माझा अनुभव हाच आहे की माणसाला घटना जेवढं छळत नाही तेवढा त्या घटनेला आपण लावलेला अर्थ छळतो. लोक यावेत ही इच्छा अगदी रास्त आहे. पण लोक आलेच पाहिजेत, नाहीतर मी कुचकामी, हा हट्ट झाला, आणि हट्टावर उभा केलेला ग्रुप काढणाऱ्यालाच आधी दमवतो.

हे मी तिला सांगितलं तर तिने मान डोलावली आणि काहीच बदललं नाही. मान डोलावणं आणि पटणं यात बरंच अंतर असतं.

मग एकदा मी तिला विचारलं की तुला हा विषय आवडतो तरी का. आणि मुलीचा आवाजच बदलला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, मग लसींवर काम करणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत प्रयोगशाळा मांडली, लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला स्वतःला टोचून घेतली, म्हणजे मॅडम आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजातच हे घडलंय, असं सगळं एका दमात. मग नगर जिल्ह्यातलं जामखेड. आरोळे डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये काम सुरू केलं आणि ज्या बायकांना शाळा माहीत नव्हती त्यांना गावच्या आरोग्याचं शिक्षण दिलं. मग पोलिओ, की भारतातली शेवटची केस 13 जानेवारी 2011 ची, आणि आता तिच्या बॅचमधल्या कुणी वॉर्डात पोलिओचं नवं मूल पाहिलेलंच नाही. "कुणाला काही झालंच नाही, तर आभार कोण मानणार मॅडम?" हे तीच म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, मग टाळ्या मिळत नाहीत हे माहीत असूनच तू हे काम निवडलंस ना? त्यात टाळ्या नाहीत म्हणून रडतेस कशाला?"

हसली. पण खरी गाठ त्यानंतरच्या भेटीत सुटली, तीही अगदी अचानक.

त्या दिवशी ती उशिरा आली, डोळे सुजलेले. मी कारण विचारलं तर म्हणाली, काही नाही मॅडम, रात्री झोप झाली नाही, मित्राला सुई टोचली होती. कॅज्युअल्टीत पेशंटचं ब्लड घेतल्यावर सुईला परत टोपण लावताना त्याच्या बोटात गेली. लावायचं नसतं टोपण, सुई तशीच पांढऱ्या डब्यात टाकायची असते, सगळ्यांना शिकवलेलं असतं. पण घाई होती. आणि रेसिडेंट सर ओरडतील म्हणून त्याने बोट रुमालात गुंडाळलं आणि तसाच होस्टेलला आला. रात्री मेसमध्ये तो नीट जेवत नव्हता म्हणून हिला कळलं. हिने त्याला उठवलं, साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवायला लावला, त्याच पावली सीएमओंकडे, म्हणजे कॅज्युअल्टीच्या मेडिकल ऑफिसरकडे नेलं, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली आणि 72 तासांच्या आत सुरू व्हायलाच लागतात. औषधं सुरू झाली. (पुढे पेशंटचे रिपोर्ट निगेटिव्ह आले, मुलगा ठीक आहे.) सीएमओंनी विचारलं, हेपटायटिस बी च्या लसीचे डोस झालेत का, कारण तोही अशा सुईतून होतो. तर दोन झाले होते. तिसरा सुट्टीत आला म्हणून राहून गेला.

"आणि मॅडम, रूमवर आल्यावर मी माझं कार्ड बघितलं. माझाही तिसरा राहिलाय."

मी विचारलं, "हे ग्रुपमध्ये सांगितलंस?"

"हे काय सांगायचं? ग्रुपमध्ये या वेळी जीवनशैलीजन्य आजारांवर पीपीटी आहे..."

आणि थांबली. बराच वेळ काही बोलली नाही आणि मीही बोलले नाही, कारण अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसणं हेच काम असतं. मग ती हळूहळू बोलायला लागली. आम्ही सगळे वीस-एकवीस वर्षांचे, आम्हाला बीपीची पीपीटी कशाला बघायचीये? पण रोज सुया हातात घेतो. देशभरातल्या बाळांना सरकारी लसीकरणात हेपटायटिस बी ची लस मिळायला लागली ती 2011-12 च्या सुमारास, आमची बॅच त्याआधी जन्मलेली, म्हणजे बऱ्याच जणांना लहानपणी मिळालीच नसेल. डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, आणि तिसरा सगळ्यांचा असाच राहत असणार. कुणी विचारलंच नाहीये!

"मॅडम, माझा गाव तर होस्टेलमध्येच आहे."

हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. माझ्या कामात मला सगळ्यात समाधान याच क्षणाचं वाटतं, जेव्हा समोरचं माणूस मी कसा दिसतो या प्रश्नातून बाहेर पडून इथे गरज कशाची आहे या प्रश्नात शिरतं. तिथून पुढे माझी फारशी गरज उरत नाही.

पुढचं भराभर झालं. तिने आणि रूममेटने एक साधी वही केली, नाव आणि तीन डोसच्या तारखा, बस. खोल्याखोल्यांतून फिरल्या. डिपार्टमेंटच्या एका असोसिएट प्रोफेसर मॅडमनी लसीचं बघितलं. मीटिंगला न येणारी मुलं डोस घ्यायला आली, त्यातला सुई टोचलेला मित्र तर ग्रुपचा सेक्रेटरीच झाला. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींचं प्रमाण बघायचं असतं, ते 10 किंवा जास्त आलं की संरक्षण मिळालं, ही माहिती त्याने स्वतःच्या बोटाचा फोटो टाकून ग्रुपवर लिहिली आणि त्या मेसेजला खाली रांग लागली. मग कुणीतरी म्हणालं, वॉर्डातल्या मावशी-मामांचं काय, कचऱ्याच्या पिशव्या तर तेच उचलतात. ते मला फार आवडलं.

असा ग्रुप काढायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. लोगो, टी-शर्ट, कमिटी, उद्घाटन हे सगळं नंतर करा. दोघांत होईल एवढं काम आधी शोधा आणि ते तुमच्याच बॅचच्या गरजेतलं असू द्या. डिपार्टमेंटमधली एक शिक्षक व्यक्ती सुरुवातीपासून सोबत घ्या, कारण परवानगी, लस, जागा हे तुमच्या एकट्याने होत नाही, आणि खरं सांगते, पीएसएमच्या शिक्षकांना कुणी आपणहून भेटायला आलं की ते भरभरून देतात. एनएमसीने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, 2022 मध्ये फॅमिली ॲडॉप्शन आणलंय, त्यात प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबांच्या आरोग्याकडे लक्ष द्यायचं असतं, त्या कुटुंबांकडे नुसता फॉर्म भरायला न जाता ग्रुप म्हणून गेलात तर पुढची कामं तिथेच सापडतील. आणि हजेरी मोजू नका, किती जणांचा तिसरा डोस झाला ते मोजा. मीटिंगला चार जण आले म्हणून जीव खाली-वर होत असेल तर स्वतःला विचारा की या मीटिंगमधून मला नक्की कुणाला काय सिद्ध करून दाखवायचंय. उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं तर त्या माणसाशी वेगळं बोला, ग्रुपवर ते ओझं टाकू नका.

तिने तेच केलं. सुट्टीत दुकानात बसली आणि पपांना विचारलं की औषध देताना शेतकऱ्याला काय सांगता. ते म्हणाले, तोंडाला बांध, हातमोजे घाल, वाऱ्याच्या उलट फवारू नको. 2017 मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, तेव्हापासून ते प्रत्येकाला हे सांगतात, ज्याला ऐकायचं नसतं त्यालाही. ती म्हणाली, पपा, पीएसएम म्हणजे हेच की. यावर ते काही बोलले नाहीत, गिऱ्हाईक आलं होतं. रेडिओलॉजी ते अजूनही म्हणतातच. तिने त्यावर वाद घालणं सोडलंय, नीट पीजीला अजून वेळ आहे आणि ब्रँच तेव्हा ठरेल. सध्या तिच्या डोक्यात फर्स्ट इयरची नवी यादी आहे, त्यांचा तिसरा डोस नेमका इंटर्नल्सच्या आठवड्यात येतोय, म्हणून शेवटचा पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लसीकरण ठेवायचं चाललंय, मुलं घरची गाडी पकडायच्या आत.