चाळिशी लागल्यानंतर डाइव्ह कॉम्प्युटर निवडताना काय पाहावे?

आपण विचारले आहे की पन्नाशी ओलांडल्यावर वाचायला चष्मा लागू लागला, तारकर्लीला स्कूबा करताना मनगटावरच्या जुन्या डाइव्ह कॉम्प्युटरचे (पाण्याखाली खोली आणि वेळ यांचा हिशेब दाखवणाऱ्या यंत्राचे) आकडे धूसर दिसतात, तेव्हा आता नवा कोणता घ्यावा. आपल्यासारखाच मीही भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, माझाही जवळचा नंबर वाढलेला आहे आणि पावसाळा संपल्यावर मालवणच्या समुद्रात उतरण्याची ओढ अजून तशीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे स्पष्ट मत असे आहे की यंत्राआधी मास्कचा विचार करावा. मास्कच्या सपाट काचेतून पाण्यातली वस्तू मूळ अंतराच्या सुमारे पाऊण अंतरावर भासते. मनगट डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरले, तरी डोळ्याला ते सुमारे ३० सेंटिमीटरवर असल्यासारखे पाहावे लागते. आकडे त्यामुळे थोडे मोठे भासतात हे खरे. परंतु चाळिशी लागलेल्या डोळ्याची अडचण जवळ नजर स्थिर करण्याचीच असते आणि पाणी नेमकी तीच वाढवते. घरी हात लांब करून घड्याळ वाचता येते, म्हणून समुद्रातही वाचता येईल असे धरून चालू नये.

यावर उपाय आहेत. काही मास्कच्या काचा काढून नंबराच्या बसवता येतात; काही मास्कना खालच्या भागात वाचनाचा नंबर असलेल्या काचा मिळतात; आणि पाण्याने चिकटणारी मऊ प्लास्टिकची अर्धगोल भिंगेही मिळतात, जी मास्कच्या आतून खालच्या कडेला लावतात. मला तिसरा उपाय सर्वांत सोयीचा वाटतो, कारण नंबर बदलला तर केवळ भिंग बदलावे लागते. ज्यांना लांबचा उणे नंबर आहे, त्यांनी मात्र मास्कमध्ये लांबच्या नंबराच्या काचा बसवल्यावर जवळचे कसे दिसते हे आधी तपासावे, कारण त्यांना पूर्वी चष्म्याविना जे वाचता येत होते, ते या काचांतून वाचता येईलच असे नाही.

धूसरपणा चाळिशीचाच आहे, याची खात्री नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. मोतीबिंदूमुळे दिसणारा धूसरपणा भिंगाने जात नाही. डोळ्याची कोणतीही शस्त्रक्रिया झाली असेल, तर पुन्हा केव्हा उतरायचे हे शल्यचिकित्सकांनाच विचारावे. आणि दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत पाण्याखाली जाणे दृष्टीला अत्यंत घातक आहे.

आता पडद्याविषयी. स्वस्त यंत्रांत राखाडी पडद्यावर काळे आकडे असतात. भर उन्हात ते छान दिसतात, परंतु खोल किंवा गढूळ पाण्यात उजेड कमी झाला की काळे आणि राखाडी यांतला फरकच उरत नाही आणि दर वेळी बटण दाबून दिवा लावावा लागतो. स्वतः उजळणारा रंगीत पडदा तिथे फार उपयोगी पडतो. खोलीवर लाल रंग नाहीसा होतो, मग लाल इशारा दिसेल का, अशी शंका काही जण घेतात. नाहीसा होतो तो सूर्यप्रकाशातला लाल, कारण तो पाण्याच्या जाड थरातून येतो; पडद्याचा प्रकाश हातभर पाण्यातूनच डोळ्यापर्यंत येत असल्याने त्यातला लाल लालच दिसतो.

पडदा मोठा असणे पुरेसे नाही. त्यावर किती आकडे दाटीने मांडले आहेत हेही पाहावे. पाण्याखाली मला खोली, डीकम्प्रेशनविना (म्हणजे वर येताना वाटेत सक्तीने न थांबता) पाण्याखाली राहता येतील अशी उरलेली मिनिटे आणि सिलिंडरमधला दाब एवढे एका नजरेत हवे असते. वर येण्याचा वेग आकड्याऐवजी पट्टीने दाखवला जात असेल तर उत्तम. ट्रान्समीटर (सिलिंडरमधला दाब बिनतारी कळवणारे उपकरण) जोडता येणारे यंत्र घेतल्यास दाब त्याच पडद्यावर येतो. तरीही दाब दाखवणारे काट्याचे मीटर काढून टाकू नये, कारण आकडे पुसट दिसले तरी काटा ५० बारच्या लाल पट्ट्याकडे झुकला आहे हे कळते. मनगटावर थरथरून इशारा देणारे यंत्र मला बीप करणाऱ्यापेक्षा बरे वाटते, कारण पाण्यात आवाज कोणाच्या यंत्रातून आला हेच समजत नाही.

आपल्या भागात ही यंत्रे हाताळून पाहता येतील असे दुकान मला आढळले नाही, म्हणून एक पद्धत सुचवतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून पडद्याचे माप घ्यावे, त्याचे चित्र नेमक्या त्याच आकारात छापून प्लास्टिकमध्ये पक्के बंद करावे, संध्याकाळच्या उजेडात शेतातल्या हौदात मास्क लावून डोके बुडवावे आणि मनगटावर बांधलेला तो कागद वाचून पाहावा. विहिरीत किंवा बोडीत (तळ्यात) एकट्याने हा प्रयोग मुळीच करू नये. कागद स्वतः उजळत नसल्याने खरा पडदा याहून स्पष्ट दिसेल, परंतु आकड्यांची उंची आपल्या डोळ्याला पुरते की नाही, हे नक्की कळते.

मॉडेलांपैकी शिअरवॉटर पेरेग्रिन आणि पर्डिक्स २ यांचे पडदे २.२ इंचांचे, रंगीत आणि ठळक आहेत, आणि दोन्ही थरथरून इशारा देतात. साध्या पेरेग्रिनला ट्रान्समीटर जोडता येत नाही. पेरेग्रिन टीएक्स आणि पर्डिक्स २ यांना येतो. खर्च कमी ठेवायचा असेल तर मोठ्या आकड्यांचे मारेस क्वाड किंवा एकाच बटणाचे क्रेसी लिओनार्दो पाहावे, मात्र राखाडी पडद्याची मर्यादा स्वीकारून. स्कूबाप्रो गॅलिलिओ हड मास्कवर बसते आणि त्यातले चित्र भिंगामुळे दूर असल्यासारखे दिसते, त्यामुळे चाळिशी आड येत नाही. तरी पहिली पसंती म्हणून मी ते सुचवणार नाही, कारण ते बंद पडले तर मनगटावरचे राखीव यंत्र वाचता आलेच पाहिजे, म्हणजे मास्कमधल्या भिंगाची गरज टळत नाहीच.

माझ्या पैशांनी घ्यायचे असते तर मी पर्डिक्स २ घेतले असते. त्याला साधा एए सेल चालतो, जो आठवडी बाजारातही मिळतो आणि घरीच बदलता येतो.