अमेरिकेत नोकरी आहे. आरोग्य विम्यासाठी 1,000 डॉलर डिडक्टिबलचा (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) पीपीओ (डॉक्टर निवडायची मोकळीक असलेला प्लॅन) घ्यावा की 4,000चा प्लॅन एचएसएसह (उपचारखर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं)? दुसऱ्याचा हप्ता महिना 180 डॉलरने कमी, कंपनी खात्यात 1,500 टाकते. आम्ही दोघे आणि एक मूल.

या आकड्यांवर एचएसएवालाच घ्या. हप्त्यात वर्षाला 2,160 वाचतात, वर कंपनीचे 1,500, म्हणजे 3,660. डिडक्टिबलचा फरक मात्र 3,000च. ओपन एन्रोलमेंटला (प्लॅन निवडायच्या काळात) दरवर्षी मी हाच हिशोब मांडतो. मात्र दोन्ही प्लॅनचा 'आऊट ऑफ पॉकेट मॅक्स' (वर्षभरात खिशातून जाऊ शकणारी कमाल रक्कम) शेजारी शेजारी ठेवून बघा, कारण डिडक्टिबल संपल्यावरही बिलाची काही टक्के रक्कम भरावी लागतेच, आणि वाईट वर्ष तिथेच कळतं. मुलाच्या लसी आणि वार्षिक तपासण्या प्लॅनच्या नेटवर्कमधल्या (विमा कंपनीशी करार असलेल्या) डॉक्टरकडे तशाही मोफत असतात.

पगारातून एचएसएत टाकलेल्या पैशांवर फेडरल आयकर आणि सोशल सिक्युरिटीची कपात दोन्ही वाचतात (कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी मात्र राज्याचा कर लावतात). 2026 साठी कुटुंबाची मर्यादा 8,750 डॉलर आहे, त्यात कंपनीचे 1,500 धरून. उरलेली रक्कम पुढच्या वर्षी तशीच राहते, नोकरी बदलली तरी खातं तुमचंच.

अट एकच: हाताशी तीन-चार हजार रोख हवेत. खातं भरायच्या आत जानेवारीतच इमर्जन्सीचं बिल आलं तर ते खिशातून जाईल. ते नसतील, तर यंदा पीपीओ. आणि हो, भारतातून आलेल्या आई-बाबांची बिलं यातून भरू नका. ते करासाठी तुमच्यावर अवलंबून धरले जात नसतील तर त्या रकमेवर कर आणि वर 20 टक्के दंड लागतो.