सुटलं सगळं, पण करमत नाही

"मॅडम, गर्द सुटलं हो, पण करमत नाही." गर्द म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचाच प्रकार; ते सोडलेल्यांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा "गर्द सुटलं" म्हणाला की पुढचं मला आधीच ऐकू येतं. आणि बाहेर बाकावर बसलेले घरचे वेगळंच सांगतात, "आधी निदान हसायचा तरी, आता नुसता भिंतीकडे बघत बसतो, परत त्याच वाटेला जाणार बहुतेक." गेल्या आठवड्यात तिघांनी हेच विचारलं, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

मी मुंबईजवळच्या ज्या व्यसनमुक्ती सेंटरवर समुपदेशक म्हणून बसते तिथे गर्द ओढणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात. रोज यायचं, सिस्टरसमोर जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं गप्प बसायचं, तोंड उघडून दाखवायचं, सही करायची, निघायचं. गोळीने टर्की, म्हणजे माल न मिळाल्यावर होणारा त्रास, लागत नाही, ओढ कमी होते, माणूस कामधंद्याला लागू शकतो. नातेवाईक म्हणतात एक नशा सोडून दुसरी लावली, त्यांना मी एवढंच सांगते की हे औषध 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि रोज बीपीची गोळी घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. असो, या विषयावर मी तासभर बोलू शकते.

तर आता आमच्याकडच्या एका वायरमनची गोष्ट. नाव सांगत नाही, काही तपशीलही बदललेत. वय चाळिशीच्या आत, पूर्वी वायरिंगची कामं करायचा, मग पंधरा वर्षं पन्नीवर, म्हणजे चमकी कागदावर गर्द तापवून ओढण्यात गेली. आमच्याकडे आल्यापासून आठ महिन्यांत एक दिवस चुकला नाही, लघवीच्या तपासण्या स्वच्छ, मीच मीटिंगमध्ये त्याचं उदाहरण द्यायचे. एक दिवस डॉक्टर म्हणाले, एवढा नियमित आहे तर याला काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला देऊ, फेरा वाचेल. हा म्हणाला नको.

मला वाटलं घाबरला. गोळ्या हातात आल्या तर आपण विकू, एकदम खाऊ, अशी भीती असते काहींना. मग मी दोन सेशन आत्मविश्वासावर घालवली, तोही शहाण्यासारखा मान डोलवत राहिला. तिसऱ्या वेळी मी जरा वैतागूनच विचारलं, "अरे, दीड तास लोकलने लटकत येतोस, पाच मिनिटांच्या गोळीसाठी. नक्की अडचण काय आहे?"

"मॅडम, दिवसभरात माझ्याशी कोण बोलतं माहित्ये?"

"कोण?"

"सिस्टर. तोंड उघड, जीभ वर कर, सही कर. तेवढंच. आता ते पण बंद करायचं?"

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं या खुर्चीत बसून मला वाटत होतं की माणसं माझ्याकडे बोलायला येतात आणि गोळी घ्यायला खिडकीवर जातात. याच्या बाबतीत तर खिडकीच खरी होती. रोज कोणीतरी त्याच्याकडे बघतं, नावाने हाक मारतं, आणि आला नाही तर रजिस्टरमध्ये रकाना रिकामा राहतो, म्हणजे तो नसल्याचं कुठेतरी कळतं.

पहिल्याच दिवशी आम्ही त्याला सांगितलं होतं, जुने दोस्त तोड, नंबर उडव, त्या नाक्यावरून जाऊ नकोस. सल्ला बरोबरच आहे, मी आजही देते. पण त्याचा जुना दिवस कसा होता बघा, सकाळी पैशांची जुळवाजुळव, मग माल आणायचा, मग पुडीत वाटे, कोणाला टर्की लागली असेल तर त्याला आधी दोन झुरके. भयंकरच सगळं, पण त्या भयंकर जगात "आला का रे तो?" असं विचारणारं कोणीतरी होतं. आम्ही त्याची अख्खी वस्तीच उठवली आणि बदल्यात हातात दिलं काय, तर तारखेचं कार्ड.

इथे माझं एक आवडतं मत सांगते, माझे सहकारी त्याला कंटाळलेत. 1970 च्या दशकात याक पॅन्कसेप या शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या पिल्लांवर काम केलं. पिल्लाला एकटं ठेवलं की ते केकाटतं, आणि अगदी थोडंसं मॉर्फिन दिलं की ते केकाटणं कमी होतं. आपल्या शरीरातही अफूच्या जातीचीच रसायनं तयार होतात, जवळच्या माणसाच्या सहवासात जो निवांतपणा वाटतो त्यात त्यांचा हात आहे असं मानतात. गर्द त्याच कुलपात बसणारी किल्ली आहे. म्हणून मी म्हणते की बऱ्याच जणांसाठी गर्द हे एकटेपणावरचं औषधच होतं, ते काढून घेतलं की पिल्लू पुन्हा केकाटणारच. वायरमनला हे सांगितलं तर तो पहिल्यांदा मोकळा हसला, म्हणे म्हणजे मी कुत्र्याचं पिल्लू का.

मग त्याच्या आईला बोलावलं.

"काकू, त्याला शेवटचं दुकानात कधी पाठवलंत?"

"दुकानात? पैसे देऊन?"

त्यांचा दोष नाही. या माणसाने घरातला कुकर विकला होता, भरलेला सिलेंडर विकला होता. आई किल्ल्या कमरेला लावून झोपते, वहिनी पर्स घेऊन बाथरूमला जाते. पण आठ महिने घरात वावरतोय आणि एक वस्तू त्याच्याकडून आणवलेली नाही, म्हणजे घराला त्याची गरजच नाही. माणसं आजूबाजूला असून करमत नाही ते यामुळे.

मी काकूंना विश्वास ठेवा असं सांगितलं नाही, विश्वास असा सांगून बसत नाही. म्हटलं पन्नास रुपये द्या, गॅसवर आमटी आहे, पटकन कोथिंबीर आण म्हणा, खरंच हवी असेल तेव्हाच, आणि उरलेले पैसे त्याच्यासमोर मोजू नका. पहिल्याच दिवशी त्यांनी मोजले. त्याने पाहिलं. संध्याकाळी नाक्यावर गेला आणि तीन दिवस आमच्याकडे फिरकला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सेंटर उघडायच्या आधी दारात उभा होता, तपासणीच्या आधी स्वतःहून म्हणाला, "ओढली मॅडम." सेंटरमध्ये मला ऐकवलं गेलं, कोथिंबिरीने व्यसन सुटतं का. मला मात्र तो परत आला आणि खोटं बोलला नाही याचंच अप्रूप होतं. डॉक्टरांनी डोस पुन्हा बसवला. काकूंना म्हटलं, उद्या परत पन्नास द्या. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मोजायची सवय लागलीय हो." मी म्हटलं तो गेल्यावर मोजा.

पुढे काय काय झालं ते थोडक्यात सांगते, त्याच्याकडे दुरुस्तीला आधी शेजारणीचा मिक्सर आला, मग कोणाचं तरी बटण, मग दुसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींची ट्यूब. ती ट्यूब दर आठवड्याला बिघडते. त्याला संशय आहे की आजी स्वतःच स्टार्टर फिरवून ठेवतात आणि चहा आधीच गाळलेला असतो.

घरच्यांना माझं सांगणं, "करमत नाही" ऐकलं की लगेच "परत ओढायचंय याला" असं धरून चालू नका. करमत नाही म्हणजे करमत नाही, भूक लागल्यासारखं. खोलीत कोंडून तर अजिबात ठेवू नका. संध्याकाळी पाच ते आठ फार जड जातात, पूर्वी तीच मालाची वेळ असायची, त्या वेळात त्याला एखादं खरं काम असू दे. आणि करमत नाही म्हणून क्वार्टर मारणं किंवा झोपेच्या गोळ्या हे या औषधाबरोबर फार धोक्याचं आहे, श्वास मंदावतो. कोणाचं ऐकून गोळी एकदम बंदही करू नका, आणि बरेच दिवस सगळं बंद असलेल्याने जुन्या मापाने एकदाच ओढली तरी जीव जाऊ शकतो, शरीराची सवय मोडलेली असते. झोप उडाली, जेवण तुटलं, मरणाचं बोलायला लागला तर समुपदेशकाची तारीख बघत बसू नका, डॉक्टरला गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही लागतो, व्यसनासाठी वेगळा 14446 आहे. एनए (नार्कोटिक्स अॅनॉनिमस, व्यसन सोडणाऱ्यांचा आपसातला गट) च्या मीटिंगचाही खूप जणांना आधार होतो, काही ठिकाणी गोळी घेणाऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात, तसं वाटलं तर दुसरा ग्रुप बघावा.

वायरमन आता आठवड्यातून दोनदाच येतो, बाकी गोळ्या घरी नेतो. परवा त्याचा वार नसताना आला, आमचा पंखा महिनाभर खडखडत होता म्हणून. टेबलावर स्टूल ठेवून वर चढला, खाली सिस्टर दोन्ही हातांनी स्टूल धरून उभ्या, आणि इकडे लाइनीत चौघं जिभेखाली गोळी घेऊन बसलेले असताना त्याच्यावर ओरडत होत्या, "अरे मेन स्विच बंद केलास का आधी, पडशील मेल्या!"