लेझर पीनिंगचा प्रोजेक्ट घेऊ का?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेल्या टायटॅनियमच्या भागांवर लेझर पीनिंग करून त्यांची मजबुती वाढवायची, असा प्रोजेक्ट सरांनी सुचवलाय. घरचे म्हणतात, एवढ्याशा विषयावर नोकरी कोण देणार? मला विषय आवडलाय, पण धीर होत नाही.

उत्तर : जरूर घे. पण लेझर शिकण्यासाठी नव्हे, फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून धातू कसा तुटतो, हे शिकण्यासाठी घे. निव्वळ पीनिंगच्या नोकऱ्या थोड्याच असतात, इथपर्यंत घरच्यांचं बरोबर आहे. मात्र भाग का तुटतो हे ज्याला कळतं, तो माणूस विमानाची इंजिनं, हाडांचे इम्प्लांट, रेल्वेची चाकं, पवनचक्क्या अशा सगळ्याच ठिकाणी लागतो.

तुझ्या विषयातली खरी गंमत अशी आहे. प्रिंटिंगमध्ये पावडरचा साधारण 30 ते 60 मायक्रॉनचा एकेक थर वितळून लगेच थिजतो. थिजताना तो आकसू पाहतो, खालचा घट्ट धातू त्याला आकसू देत नाही, आणि पृष्ठभागाजवळ खेचणारा ताण अडकून बसतो. त्यात वर अर्धवट वितळलेले कण चिकटलेले, आत बारीक पोकळ्या. हा भाग एकदाच ओढून तोडला, तर ओतीव भागापेक्षा सरस ठरू शकतो. पण तोच भार लाखो वेळा चढव-उतरव, मग पृष्ठभागावरच्या एखाद्या खाचेतून तडा सुरू होतो. कडेला जराशी चीर असलेला कागद कसा तिथूनच फाटतो, तसंच.

पीनिंग इथे कामी येतं. भागावर काळी टेप लावतात, तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा सोडतात आणि काही नॅनोसेकंदांचा लेझरचा झोत मारतात. टेपचा वरचा थर क्षणार्धात प्लाझ्मा, म्हणजे प्रचंड तापलेला वायू होतो, पाणी त्याला बाहेर पसरू देत नाही, आणि काही गिगापास्कल दाबाची लाट धातूत शिरते. उष्णता टेप झेलते, काम करतो तो धक्का. पृष्ठभागाखाली दाबणारा ताण तयार होतो आणि तड्याला तोंड उघडायला जड जातं. बारीक गोळ्यांचा मारा करायच्या साध्या शॉट पीनिंगचा परिणाम मिलिमीटरच्या काही दशांशांपुरता असतो, लेझरचा एक मिलिमीटर किंवा त्याहूनही खोल जातो. बी-1बी या बॉम्बर विमानाच्या एफ101 इंजिनातल्या फॅनच्या पात्यांवर हे तंत्र 1990च्या दशकातच वापरात आलं होतं.

लेझर पॉलिशिंग हे वेगळं प्रकरण, त्याच्याशी गल्लत करू नकोस. त्यात पृष्ठभाग खरोखर वितळतो, गुळगुळीत होतो आणि थंड होताना पुन्हा खेचणारा ताण घेऊन बसू शकतो. चकचकीत दिसतो म्हणून भाग जास्त टिकेल, असं गृहीत धरायचं नाही.

आणखी एक गोष्ट आताच डोक्यात पक्की कर. पृष्ठभागावर दाब आला, की तोल सांभाळायला आत कुठेतरी खेच येणारच. पातळ भाग वाकतो. आत मोठी पोकळी असेल, तर तडा तिथून निघतो. म्हणून पोकळ्या मिटवणारी हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग आणि उष्णतेच्या बाकीच्या प्रक्रिया आधी, पीनिंग शेवटी. उलट केलंस, तर कमावलेला ताण भट्टीत सैल पडेल. मुलाखतीत हा क्रम कारणासकट सांगता आला, तर समोरच्याला कळतं की हिला विषय समजलाय.

सोबत फ्रॅक्चर मेकॅनिक्स (तडा कसा वाढतो याचं शास्त्र), एक्स-रे डिफ्रॅक्शनने ताण मोजणं, तुटलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली वाचणं आणि संख्याशास्त्र शिक. संख्याशास्त्र टाळू नकोस. एकाच पद्धतीने बनवलेले दोन नमुने सारख्याच भाराला फार वेगवेगळ्या वेळी तुटतात, आणि त्या विखुरलेल्या आकड्यांतून अर्थ काढणं हेच या कामातलं अवघड कौशल्य आहे.

होकार देण्याआधी सरांना विचार : लेझर प्रत्यक्ष वापरायला मिळणार का? फटीग मशीन किती दिवस मिळेल? 20 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 20 वेळा भार देऊन, 1 कोटी आवर्तनं म्हणजे एकाच नमुन्याला जवळपास सहा दिवस. मशीन पुरेसं मिळणार नसेल, तर पीनिंगच्या आधी आणि नंतर खोलीनुसार ताण कसा बदलतो, एवढंच मोजायचा प्रोजेक्ट माग. वर्षभरात तो नीट पूर्ण होईल.