वूफर बसवला म्हणून एसीची वॉरंटी जाते का?

प्रश्न: मी नाशिकला राहतो. सव्वा वर्षापूर्वी ९ लाख ४० हजारांना घरच्या वापरासाठी नवी गाडी घेतली. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी आहे. मूळची म्युझिक सिस्टीम तशीच ठेवून बाहेरच्या ॲक्सेसरीजवाल्याकडून डिकीत वूफर आणि सीटखाली ॲम्प्लिफायर बसवून घेतला, २६ हजार खर्च आला. आता एसीच्या कॉम्प्रेसरमधून गॅस गळतोय आणि म्युझिक सिस्टीमची स्क्रीन मधूनच काळी पडते. सर्व्हिस सेंटरने ‘बाहेरचं इलेक्ट्रिकल काम केलंय, सगळी वॉरंटी रद्द’ असं तोंडी सांगून कॉम्प्रेसरचे ३८ हजार मागितले. शिवाय असा बदल बेकायदेशीर आहे, असंही ऐकवलं. मित्र म्हणतात, सगळं काढ आणि गाडी दुसऱ्या सर्व्हिस सेंटरला ने. काय करू?

उत्तर: मित्रांचा सल्ला ऐकू नका. ॲम्प्लिफायर, वूफर, बॅटरीपासून मागे नेलेली वायर, सगळं आज आहे तसंच राहू द्या. पहिल्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत ते फिटिंग आलेलं असणारच, आणि सोललेल्या वायरी व पत्र्याला पाडलेली भोकं लपत नाहीत. उद्या ग्राहक आयोगात शपथपत्र करताना तुम्हाला हे फिटिंग मान्यच करावं लागेल. आज काढून टाकलंत तर ‘पुरावा नष्ट केला’ हा मुद्दा तुम्हीच समोरच्या वकिलाच्या हाती द्याल. दुसरं म्हणजे, वायरिंग नीट झालं असेल तर तोच तुमचा पुरावा आहे.

‘बेकायदेशीर’ हा शब्द मनातून काढा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बदलांवर बंधन आहे ते आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होणाऱ्या बदलांवर. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात बदल म्हणजे काय तेही दिलं आहे: वाहनाच्या रचनेत असा फेरफार, की ज्याने त्याचं मूलभूत स्वरूप बदलतं. स्पीकर, वूफर, ॲम्प्लिफायर यांची आरसीत नोंदच नसते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आणलं, आणि लोकांना हेच कलम दाखवून घाबरवलं जातं. डिकीतला वूफर त्यात बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाजाचा प्रश्न मात्र वेगळा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. सोसायटीत गाडी उभी करून वूफर वाजवलात आणि कोणी तक्रार केली, तर तिथे मी तुमची बाजू घेणार नाही.

आता मुख्य मुद्दा. वॉरंटी हा कंपनीने तुमच्याशी केलेला करार आहे. म्हणून वॉरंटीचं पुस्तक काढा आणि अपवादांचं पान शब्दन् शब्द वाचा. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक पुस्तकांत ‘कंपनीची नसलेली उपकरणं बसवल्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य असतं. त्यातल्या ‘मुळे’वर तुमची केस उभी आहे. उपकरण बसवलं एवढ्यावर वॉरंटी संपत नाही. त्या उपकरणामुळे हा बिघाड झाला, हे दिसावं लागतं. आणि अपवादाचा आधार जो घेतो, तो लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच असते. विम्याच्या वादांत सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व वारंवार मांडलं आहे आणि वॉरंटीच्या वादातही ते पुढे करता येतं. पुस्तकात ‘कोणताही विद्युत बदल केल्यास संपूर्ण वॉरंटी रद्द’ असं सरसकट लिहिलं असेल, तर ती अट अन्यायकारक आहे, असं म्हणायला जागा आहे. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची स्वतंत्र तक्रार राज्य आयोगापुढे जाते, जिल्हा आयोगापुढे नाही. त्यामुळे तक्रारीचा मसुदा करताना सेवेतील त्रुटी हाच मुद्दा पुढे ठेवा.

कॉम्प्रेसरबाबत तुमची बाजू भक्कम आहे. गॅस सीलमधून किंवा जोडातून गळत असेल तर तो यांत्रिक दोष आहे. ॲम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून येते, तिचा त्या सीलशी काय संबंध, हे त्यांनी दाखवायला हवं. ते दाखवू शकतील, असं मला वाटत नाही.

स्क्रीनबाबत मी तितक्या खात्रीने बोलणार नाही. मूळ सिस्टीमला ॲम्प्लिफायरसाठी वेगळं आउटपुट नसेल, तर फिटर स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेतो. कपलर (जोडणीचा प्लग) लावून, मूळ वायर न कापता घेतला असेल तर ठीक. वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळली असेल तर गडबड होऊ शकते, कारण बहुतेक कंपनी सिस्टीममध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींपैकी एकही बॉडीला टेकून चालत नाही. टेकली तर आतला आउटपुटचा भाग खराब होऊ शकतो. त्यामुळे हा दोष तुमच्या ॲक्सेसरीजवाल्याच्या कामातून आलेला असण्याची शक्यता खरी आहे. तसं निघालं तर दावा त्याच्यावर. पक्कं बिल घेतलंय ना? नसेल तर पैसे दिल्याचा यूपीआयचा पुरावा आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा.

इंटरनेटवर या विषयी जे सांगतात त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या १९७५ च्या वॉरंटी कायद्यावरून येतं. आपल्याकडे तो लागू नाही, नोटिशीत त्याचं नाव घालू नका. आपल्याकडचा जवळचा आधार भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आहे. चौदा कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावताना आयोगाने म्हटलं होतं, की ग्राहकाने बाहेर दुरुस्ती करून घेतली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये; बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. आदेश सुट्या भागांच्या आणि दुरुस्तीच्या बाजाराबद्दल होता, जादा फिटिंगबद्दल नव्हता, आणि कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. म्हणून तो आधाराला जोडा, सगळा भार त्यावर टाकू नका.

या आठवड्यात सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकच ईमेल पाठवा. दोन्ही बिघाड वेगवेगळे लिहा. प्रत्येकासाठी विचारा: नेमका कोणता भाग बिघडला, कारण काय आढळलं, कोणत्या तपासणीवरून, आणि वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली नाकारता. जॉब कार्डची (गाडीच्या तक्रारी आणि कामाच्या नोंदीच्या कागदाची) प्रत मागा. तुमच्यासमोर संयुक्त तपासणी करायची तयारी कळवा. ‘वॉरंटी रद्द’ हे तोंडाने बोलायला सोपं असतं. कारणासह सही करून द्यायची वेळ आली की अनेकदा तीच माणसं कॉम्प्रेसर बदलून देतात. गाडी अडून असेल आणि ३८ हजार भरावेच लागले, तर बिलावर ‘हरकत नोंदवून रक्कम भरली’ असं लिहा आणि काढलेला जुना कॉम्प्रेसर ताब्यात मागा. तपासणीला तो लागेल.

पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि नंतर वकिलाची नोटीस पाठवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. अधिकारक्षेत्र तुम्ही प्रत्यक्ष दिलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. तुमच्या गाडीच्या किमतीला शुल्क २०० रुपये आहे. विक्रेता किंवा कंपनी दुसऱ्या शहरात असली तरी तुम्ही राहता तिथे, नाशिकलाच, तक्रार करता येते. वॉरंटी नाकारल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. डीलर आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा, पण दोघांची चूक वेगवेगळी मांडा. गोव्यातल्या एका प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या कृत्याचं ओझं आपोआप उत्पादकावर टाकायला नकार दिला होता. तुमच्या केसमध्ये वॉरंटी उत्पादकाने स्वतः दिली आहे, हे तक्रारीत ठळकपणे यायला हवं. स्क्रीनच्या दोषासाठी ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली तज्ज्ञ तपासणीचा अर्ज पहिल्याच तारखेला करा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते. बॅटरीवरून मागे गेलेल्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज आहे का, हे आजच बघा. ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर जोरात वाजताना ४० ॲम्पिअरच्या वर करंट ओढू शकतो. इंजिनच्या बाजूच्या पत्र्यावर घासून वायर सोलली आणि फ्यूज नसला, तर आग लागू शकते. तो नसेल तर जसं आहे तसे फोटो काढा आणि लगेच त्या वायरचं बॅटरीकडचं टोक सोडवून ठेवा. पुराव्यासाठी जीव धोक्यात घालू नका. खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या विम्यात) आग आणि स्वयंज्वलन ही संरक्षित जोखीम आहे, नुसता इलेक्ट्रिकल बिघाड नाही. पण न कळवलेल्या फिटिंगमुळे आग लागली, तर विमा कंपनी वाद घालणार आणि वूफर-ॲम्प्लिफायरचे पैसे तर नक्कीच मिळणार नाहीत. कंपनीच्या किमतीत नसलेल्या अशा विद्युत उपकरणांसाठी जुन्या मोटार टॅरिफमधला (विम्याच्या ठरलेल्या दरपत्रकातला) जादा हप्ता किमतीच्या ४ टक्के होता, म्हणजे तुमच्या २६ हजारांवर १,०४० रुपये आणि जीएसटी; आजचा दर तुमच्या विमा कंपनीला विचारा. बिलाची प्रत जोडून विमा कंपनीला कळवा आणि पॉलिसीवर लेखी नोंद करून घ्या. नूतनीकरणापर्यंत थांबू नका.