वाचकांचे प्रश्न : रस्त्यावरची मोटार आणि थांब्यावरचा माणूस

प्रश्न : आमच्या वस्तीलगतच्या सहा पदरी रस्त्यावर मधोमध जलद बसची राखीव मार्गिका होणार असून थांब्यांच्या आसपास अधिक उंच इमारतींना परवानगी मिळणार आहे. आधीच दाटलेल्या रस्त्यावर आणखी माणसे आणली आणि मोटारींचे दोन पदरही काढून घेतले, तर कोंडी वाढणार नाही का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, इमारतींची उंची वाढवून बाकीचे काम अर्धवट सोडले, तर ती खरीही ठरेल. मात्र रस्त्याची क्षमता वाहनांऐवजी माणसांत मोजली की हिशेब बदलतो. नॅक्टो या अमेरिकी शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार प्रामुख्याने खासगी मोटारी धावणाऱ्या एका पदरातून तासाला ६०० ते १,६०० माणसे जातात, तर तोच पदर बससाठी राखल्यास ४,००० ते ८,००० जाऊ शकतात. अर्थात बस वारंवार येत असेल, तरच. वीस-वीस मिनिटे रिकामी दिसणारी मार्गिका पाहून मोटारचालक चिडले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

बस आणि बांधकाम यांचा विचार एकत्रच व्हावा लागतो. ब्राझीलमधील क्युरिटिबा शहरात १९७४ मध्ये राखीव मार्गांवरून बस धावू लागल्या, आणि दाट बांधकामाला परवानगीही याच मार्गांच्या कडेने देण्यात आली. अमेरिकेतील आर्लिंग्टन परगण्याने मेट्रो महामार्गाच्या मधून न नेता, उतरती कळा लागलेल्या विल्सन बुलेव्हार्ड या बाजाररस्त्याच्या बाजूने जमिनीखालून नेण्याचा आग्रह धरला. बॉल्स्टनपर्यंतची सेवा १९७९ मध्ये सुरू झाली. महामार्गाच्या मधोमध स्थानक असते, तर भोवती डांबरच अधिक उरले असते. उंच इमारती स्थानकांजवळ एकवटल्या आणि थोड्या अंतरावरची जुनी घरे बव्हंशी तशीच राहिली.

माझ्या मते आपल्या रस्त्याचे यश मार्गिकेपेक्षा थांब्यापर्यंतच्या पायवाटेवर अधिक अवलंबून आहे. थांब्याभोवती ५०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढल्यास त्यात सुमारे ७८ हेक्टर जमीन येते. परंतु काटकोनी गल्ल्यांच्या दाट जाळ्यातून तेवढेच अंतर चालून फार तर ५० हेक्टर आवाक्यात येतात, आणि लांबच लांब कुंपणे व बंद गल्ल्या असतील, तर त्याहूनही पुष्कळ कमी. उंच इमारतीला परवानगी देताना तिच्या आवारातून सार्वजनिक पायवाट मागून घेतली, तर हे नुकसान बरेचसे भरून निघते. इमारत उभी राहिल्यावर ती मागून मिळत नाही.

थांबा मधोमध असल्याने प्रत्येक प्रवाशाला अर्धा रस्ता तरी ओलांडावाच लागेल. साडेतीन मीटरचे सहा पदर म्हणजे २१ मीटर. सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस ते साडेसतरा सेकंदांत पार करतो, पण ०.९ मीटर वेगाने चालणाऱ्या वृद्ध व्यक्तीला तेवीसहून अधिक सेकंद लागतात, आणि सिग्नल मात्र अनेकदा तरण्या माणसाच्या चालीवर बेतलेला असतो. म्हणून मध्ये थांबण्याजोगी सुरक्षित जागा, जमिनीलगतचे ओलांडमार्ग आणि चौकातील वळणांचा वेग कमी करणारे अरुंद कोपरे यांचा आग्रह धरावा. पादचारी पुलावर समाधान मानू नये. गुडघे दुखणाऱ्याला दोन जिने चढायला लावून मोटारीला सरळ वाट द्यायची, हा न्याय मला कधीच पटलेला नाही.

प्रश्न : याच रस्त्यावर आमचे छोटे दुकान आहे. दारातले पार्किंग गेल्यावर ते चालेल का?

उत्तर : दारात दिवसभर उभी राहणारी एक मोटार जेवढी जागा अडवते, तेवढ्यात पदपथ रुंद होऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबता येते. नव्या इमारतींवरील किमान पार्किंगची सक्तीही उठवायला हवी. अमेरिकेतील बफेलो शहराने ती २०१७ मध्ये उठवली. सक्ती राहिली, तर बसथांब्याशेजारीच मोटारी ठेवण्याचे मजले उभे राहतील. आपल्यापुढचे खरे धोके दोन आहेत : काम चालू असतानाचे महिने आणि त्यानंतर वाढणारे भाडे. रस्ता एकदम न खोदता थोड्या थोड्या लांबीत पूर्ण करावा, माल उतरवण्याची जागा व तिच्या वेळा आराखड्यातच नोंदवाव्यात, आणि नव्या इमारतींच्या तळमजल्यावर परवडणाऱ्या भाड्याचे लहान गाळे जुन्या दुकानदारांसाठी राखावेत, या तीन मागण्या परवानग्या दिल्या जाण्यापूर्वीच लेखी नोंदवा.