सव्वीस इंची सायकलला मोटर: वॉट नंतर, आधी बॅटरी

तुमची सायकल २६ इंची, लोखंडी फ्रेमची, मागे गिअर. रोज साताऱ्यात पोवई नाका ते एमआयडीसी, जाऊन-येऊन दहाएक किलोमीटर, सुट्टीला कधी यवतेश्वरचा घाट. दुकानदार म्हणतो, २४ व्होल्टची बाजूला बसणारी मोटर आणि लेड-ॲसिड बॅटरी घ्या. तुमचा विचार ३५० वॉटच्या हबचा, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या मोटरचा.

दोन्ही नको. मागच्या चाकात बसणारी, आत गिअर असलेली ३६ व्होल्ट २५० वॉटची हब घ्या. २५० वॉट, ताशी २५ किमी आणि बॅटरी सोडून ६० किलो या मर्यादेत सायकल असेल तर ती मोटार वाहनात मोडत नाही. नोंदणी नको, लायसन्स नको. ३५० ला ही सूट नाही.

घाटाचा हिशेब करा. तुम्ही, सायकल, डबा धरून १०० किलो. ६ टक्के चढावर ताशी १२ किमीला चाकावर सुमारे २३० वॉट लागतात, सपाटीवर ताशी २२ ला १३० पुरतात. म्हणजे एमआयडीसी आरामात, घाटात मात्र पायडल मारायचेच. पायडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर (हँडलवरच्या ॲक्सिलरेटरवर) वेग ८ च्या खाली गेला की बराचसा करंट उष्णतेत जातो आणि आतल्या नायलॉन गिअरचे दात सोलले जातात. उतारावर बॅटरी चार्ज होईल ही आशाही सोडा. या हबमध्ये एकेरी क्लच असतो, उतरताना मोटर फिरतच नाही. वजन वाढलेले असते, तेव्हा ब्रेकची रबरे आधी बदला.

खरा पैसा बॅटरीत घाला. लिथियम-आयनची १० एस ४ पी घ्या, म्हणजे दहा सेल एकापुढे एक आणि अशा चार रांगा समांतर: २६०० एमएएचचे (२.६ अँपियर-तासांचे) ४० सेल, १०.४ एएच (अँपियर-तास). पूर्ण चार्जला ४२ व्होल्ट. किमीला १२ वॉट-तास धरले तर सपाटीवर तीस किमी. कंट्रोलर (मोटरला करंट देणारा डबा) १५ अँपियरचा असेल तर बीएमएस, म्हणजे बॅटरीतले संरक्षक सर्किट, निदान २० चा हवा, नाहीतर चढावर ऐनवेळी सप्लाय तुटतो आणि लोक मोटरला दोष देतात. लॅपटॉपमधले काढलेले सेल स्वस्त मिळतात, पण इथे एकेका सेलवर पावणेचार अँपियर येतात, ते तापतात. ३६ व्होल्टसाठी लेड-ॲसिडचे तीन डबे बारा किलोच्या घरात जातात, वर जास्त करंट ओढला की क्षमता आणखी घटते. फ्यूज २० अँपियरची, पण गाड्यांतली ३२ व्होल्टवाली नव्हे. ६० व्होल्ट डीसीची मागून घ्या.

बसवताना सगळ्यात जास्त चूक ॲक्सलमध्ये होते. फ्रेमच्या मागच्या, चाकाचा ॲक्सल बसतो त्या खाचांमधले अंतर १३५ मिमी आहे का, ते आधी मोजा. ॲक्सलच्या चपट्या बाजू १० मिमीच्या असतात. खाच अरुंद असेल तर कानशीने थोडी थोडी घासा, सैल करू नका. मोटर जोर लावते तेव्हा ॲक्सल उलटा फिरू पाहतो. फिरला की खाच रुंदावते, वायर पिळून तुटते, चाक निसटते. म्हणून टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सलला फिरू न देणारी पट्टी, हवीच. तयार मिळाली नाही तर फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ मिमी पट्टीत १० मिमीची खाच कापून घ्या आणि दुसरे टोक फ्रेमला क्लॅम्पने आवळा. नट ३५ ते ४० न्यूटन-मीटर, पन्नास किमी चालवून पुन्हा.

जोडणीत निळी, हिरवी, पिवळी या फेजच्या, म्हणजे मोटरला वीज नेणाऱ्या जाड तारा. हॉलच्या, म्हणजे मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणाऱ्या सेन्सरच्या, पाच बारीक तारा वेगळ्या. मोटर थरथरते आणि फिरत नाही, तर बहुधा हॉलची पिन मागे सरकलेली असते. उलटी फिरली तर कंट्रोलरच्या सेल्फ-लर्निंग तारा (ज्या जोडल्या की तो फिरण्याची दिशा स्वतः जुळवतो) क्षणभर जोडून बघा, पण त्याआधी चाक जमिनीवरून उचलून ठेवा. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा ब्रेक लिव्हरचा कट-ऑफ टाळू नका. पायडल फिरतेय हे ओळखणाऱ्या पायडल सेन्सरच्या चकतीवरचा बाण पुढच्या फिरण्याकडे हवा, चकती आणि सेन्सर यांत अंतर २ ते ३ मिमी.

साताऱ्याचा पाऊस वायरीवरून ओघळत थेट हबमध्ये जातो. वायर ॲक्सलपाशी येण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे पाणी झोळावरून टपकून जाईल. कंट्रोलरची पिशवी कॅरियरखाली, तोंड खाली करून बांधा. मडगार्डमागे बांधली तर चिखल आत जातोच. भिजून आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका. पोर्ट कोरडा होऊ द्या.